डोंगराची मागची बाजू

फार पूर्वी नव्हे, पण जेवणाच्या टेबलावर मावेल एवढ्या एका गावात तांबडी नावाचं छोटंसं इंजिन राहत असे. रूळ, स्टेशन आणि बोगद्याचा कागदी डोंगर असं ते गाव हेरवाडकर काकांनी हौसेने बांधलं होतं. दर रविवारी काका त्याचा फोटो आपल्यासारख्याच हौशी मित्रांना पाठवत. तांबडी स्टेशनात ऐटीत उभी राही. "वा! झकास!" अशी उत्तरं आली, की ती फुगून जाई.

फोटोत एक गोष्ट मात्र कधीच दिसत नसे. बोगद्यात शिरली, की तांबडी धाडकन उलटी पडे.

"एकदा मागून काढू का फोटो?" काकांच्या मोबाइलने विचारलं.

"खबरदार!" तांबडी फणकारली. "मागे डोंगर उघडा आहे. नुसतं वर्तमानपत्र आणि खळ! लोक काय म्हणतील?"

पण मोबाइल भलताच खट्याळ. पुढच्या रविवारी तांबडी बोगद्यात पडली, तसा तो काकांच्या हातून मुद्दाम निसटला आणि टेबलामागे पडता पडता फोटो काढून, पाठवूनही मोकळा झाला.

तांबडीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या वेळी कुणीच "वा" म्हटलं नाही. "रुळाचा सांधा वर आलाय, कानशीने घासा," एकाने लिहिलं. काकांनी घासला, आणि तांबडी शिट्टी फुंकत बोगद्यापार!

संध्याकाळपर्यंत मोबाइल वाजतच राहिला. सगळ्या मित्रांनी आपापल्या डोंगरांचे मागून काढलेले फोटो पाठवले होते. तांबडीने हळूच डोकावून पाहिलं. प्रत्येक डोंगर वर्तमानपत्राचाच होता, आणि प्रत्येक बोगद्यात कुणी ना कुणी उलटं पडलेलं होतं.