तळहाताएवढा आरसा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही. तेव्हा नाव विचारू नका, गोष्ट ऐका.

त्या राज्याच्या राजधानीत एकाच गल्लीत तीन कारागीर राहत. पहिला आरसेकार. तो तळहाताएवढे आरसे करी आणि ते नेहमी जोडीने करी. जोडीतला एक तुमच्याकडे, दुसरा तुमच्या माणसाकडे. मध्ये सात डोंगर का असेनात, आरशात बघून हाक मारली की तिकडे ऐकू जाई आणि चेहराही दिसे. दुसरा पाटीकार. त्याची पाटी मांडीवर घेतली की तिच्यावर पोथ्या नि चित्रं आपोआप उमटत. तिसरा पेटीकार. त्याच्या पेटीचं झाकण उघडून समोर बसलं की राजाच्या कारकुनांचं दिवसभराचं काम दुपारच्या आत उरके.

आरसा हातात, पाटी मांडीवर, पेटी चौरंगावर. भांडायला कारणच नव्हतं. संध्याकाळी तिघं एकाच ओट्यावर बसून पान खात.

आरसेकाराची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की तो ओल्या मातीचं ताट पुढे करी आणि म्हणे, "ठेवा हात." मातीत तळहाताचा ठसा उमटे आणि त्या मापाने तो काच ओती. ज्याचा आरसा त्याच्याच हातात नीट बसे.

मग राजाला हुक्की आली. राजांना अशा हुक्क्या येतातच. त्याने दवंडी पिटवली, "दसऱ्याला जो सगळ्यांत नवी वस्तू मांडेल, त्याला मानाचा फेटा!"

झालं. ओट्यावरचं पान बंद झालं. तिघांनी कारखान्यांना पडदे लावले, आणि तिघांनीही दुसऱ्याच्या पडद्याला भोक पाडलं.

आरसेकाराने भोकातून पाहिलं, तर पाटीकार पाटीला बोलायला शिकवत होता. "म्हणजे हा माझं गिऱ्हाईक पळवणार!" तो घाबरला आणि त्याने आपला आरसा पाटीएवढा केला. ते पाहून पाटीकाराने पाटीला झाकण बसवलं. ते पाहून पेटीकाराने पेटी चेपून पातळ केली आणि झाकण काढून टाकलं. मग आरसेकाराला वाटलं, आता झाकणाला आपल्याशिवाय वालीच नाही. त्याने आरशाला झाकण लावलं आणि खाली उभं राहायला पायही दिले.

त्याचं डोकं गरगरू लागलं. सकाळी वाटे, मोठा करावा. दुपारी भोकातून पाहून आलं की वाटे, छोटा करावा. संध्याकाळी काय वाटत होतं ते रात्री आठवत नसे. शेजारी काय करतोय हे कळल्याशिवाय त्याचा हातच चालेना. मातीचं ताट कोपऱ्यात कधी वाळून गेलं, हेही त्याला कळलं नाही.

एकदा एक म्हातारा आला. वस्तू उलटीपालटी करून म्हणाला, "आरसाच ना हा?"

"हो. म्हणजे, पाटीसुद्धा आहे."

"मग पाटी कुठं मिळंल?"

"शेजारी. पण तिची आता पेटी झालीय."

"आन् पेटी?"

आरसेकाराने भोकातून एकदा डोकावून पाहिलं. "ती बहुतेक आरसा असावी," तो म्हणाला. म्हातारा काही न घेता निघून गेला.

आता आरसेकाराच्या घरची गोष्ट. त्याची एकुलती एक लेक सात दिवसांच्या वाटेवर दिलेली होती. पहिलटकरीण. वैद्याने प्रवास नको म्हटल्यामुळे ती माहेरी आली नव्हती, आणि तिच्या वाडीत सुईण नव्हती. आरसेकाराची बायको मात्र सुईणपणात राजधानीत नाव काढलेली. ती लेकीकडे जायला निघाली, तेव्हा आरसेकारानेच तिला थांबवलं होतं. "आरसा आहे ना! इथून सांग काय करायचं ते. दसरा झाला की दोघं जाऊ."

आणि नेमका तो आरसा धुण्याच्या दगडावर पडून फुटला. तशी काळजी नव्हती. फुटक्या आरशाचे तुकडे वितळवून नवा ओतला, की पलीकडची जोड पुन्हा जागी होई. बायकोने तुकडे पदरात गोळा केले आणि कारखान्यात आली.

"अहो, आधी माझा आरसा ओता. पोरीचे दिवस भरलेत."

"दसरा परवावर आलाय आणि तुला तळहाताएवढा आरसा सुचतोय?" आरसेकाराने तिच्या पदरातले तुकडे उचलले आणि फेट्यासाठी तापत ठेवलेल्या मोठ्या मुशीत टाकले. "या नव्या आरशातच ओततो. लेक केवढी मोठी दिसेल बघ!"

"मला मोठी दिसायला नको. तिची हाक ऐकू आली म्हणजे झालं." ती रागाने म्हणाली. "तुमचं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!"

आरसेकाराने ऐकलं, पण त्याचा डोळा भोकाकडे होता.

दसरा उजाडला. जिथे आरसा जाईल तिथे मी येणार, म्हणून बायकोही नवऱ्याबरोबर मैदानात आली. हुजऱ्यांनी तिघांच्या झाकलेल्या वस्तू उचलून चौथऱ्यावर मांडल्या. शिंगं वाजली. एकाच वेळी तिन्ही कापडं ओढली गेली.

चौथऱ्यावर तीन वस्तू होत्या आणि तिन्ही अगदी सारख्या होत्या. तेवढीच रुंदी, तेवढंच झाकण, तेच तीन पाय.

"यातला आरसा कोणता?" राजाने विचारलं.

"हा, महाराज," आरसेकार ठामपणे म्हणाला.

"ती माझी पेटी आहे!" पेटीकार ओरडला. मग जरा थांबून म्हणाला, "का पाटी आहे?"

लोक हसले. राजाही हसला. आणि त्या हसण्यातून एक बारीक आवाज आला.

"आई... कळा सुरू झाल्यात गं. बाळ पायाळू आहे म्हणतात. काय करू, सांग ना."

आरसेकाराची बायको चौथऱ्यावर धावली. "आले गं, आले! मी इथंच आहे!" पण आरशात तोंड दिसल्याखेरीज इकडचं तिकडे ऐकू जात नव्हतं. आवाज कुठल्या झाकणाखालून येतोय, तेच कळेना.

आरसेकाराने पहिलं झाकण उघडलं. त्यात पोथीची अक्षरं उमटली. दुसरं उघडायला गेला, तर झाकणाऐवजी पायच निघून हातात आले.

"आई, ऐकतेस ना?"

"लवकर करा हो!" बायको रडकुंडीला आली. "तुम्ही केलेली वस्तू तुम्हाला ओळखू येत नाही?"

नव्हती येत. त्याने ती कुणाच्या हाताच्या मापाने केलीच नव्हती. पेटीकाराचं झाकण, पाटीकाराची रुंदी, आणि पाय कुणाचे हेही त्याला आठवत नव्हतं. तो एकीकडून दुसरीकडे नुसता धावत राहिला.

तिसरी हाक आली. ती फक्त "आई" एवढीच होती.

अखेर तिसऱ्या वस्तूचं झाकण निघालं. तोवर तिकडे कुणी नव्हतं. भल्यामोठ्या काचेत आरसेकाराला स्वतःचाच घामेजलेला चेहरा केवढातरी मोठा दिसला.

फेटा कुणाला मिळाला, ते विचारू नका. राजालाही ठरवता आलं नाही. बायको घरीसुद्धा न जाता तशीच वाटेला लागली होती आणि आरसेकार तिच्या मागून चालत होता. सात दिवसांच्या वाटेत तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लेक जिवंत होती. बाळही जिवंत होतं. वाडीवर मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगरणीने आपल्या अडलेल्या मेंढ्यांना सोडवते तसं बाळाला सोडवलं होतं. ती आता शेगडीपाशी बसून बाळाला शेक देत होती.

आईने लेकीला पोटाशी धरलं आणि ती मोकळेपणी रडली. लेक मात्र रडली नाही.

"तीन हाका मारल्या, आई. मग म्हटलं, तुम्ही कामात असाल."

आरसेकार लेकीसमोर खाली बसला. "पोरी, तुला नवा आरसा करून देतो. तुझ्या हाताच्या मापाचा. राजधानीत पोहोचलो की पहिलं काम तेच."

"कशाला, बाबा?" लेक शांतपणे म्हणाली. "आता काही विचारायचं झालं, तर मी या मावशीला विचारते." आणि आई पुढे झाली होती तरी तिने बाळ धनगरणीच्या हातात दिलं.

शेजाऱ्याच्या पडद्याच्या भोकातून बघून जो घडवतो, त्याला आपल्या दारात कोण उभं आहे ते दिसत नाही.