नव्या घाण्याची तहान

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाला तेव्हा नावही पडलं नव्हतं. लहानांनी ऐकावी, आणि ज्यांचे केस पिकलेत त्यांनी तर जरा कान देऊनच ऐकावी.

त्या गावात तेलाचा घाणा नव्हता. डोक्यावर तीळ घेऊन लोक दोन डोंगर ओलांडायचे. खेमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या मनात आलं, आपणच घाणा उभारावा. विचार चांगला होता, त्याला मी नावं ठेवणार नाही. त्याने गावच्या म्हाताऱ्या सुताराकडून बाभळीचा घाणा करून घेतला.

निघताना सुतार म्हणाला, "खेमा, नवं लाकूड तहानलेलं असतं. पहिल्या चार-पाच खेपांचं तेल ते स्वतःच पिऊन टाकतं. त्या खेपांना तुझ्या घरचे तीळ घाल."

"घालतो, सुतारबाबा," खेमाजी म्हणाला.

घरात त्याची तिळाची पाच पोती होती. पण त्यांच्याकडे बघून त्याचा जीव खालीवर झाला. धंदा बुडाला तर? तीळही गेले तर? त्याने पोती तशीच झाकून ठेवली आणि गावात दवंडी पिटली, "या, तीळ घेऊन या!"

अहो, धंदा याचा, नाव याचं, आणि धोका मात्र लोकांचा! याला काय म्हणावं?

सगळ्यात आधी ठमाआजी आली. एकटी बाई, डोळ्यांनी अधू. पायलीभर तीळ, ही तिची वर्षभराच्या दिव्याची बेगमी. बैल फिरला, तीळ भरडले गेले, पण तेल वाटीभरही निघालं नाही.

"एवढंच?" आजीने विचारलं.

"तुझे तीळच पोचट, आजी," खेमाजी म्हणाला. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. आजी वाटी घेऊन गेली. पुढच्या चौघांचंही तसंच झालं, आणि मग कुणी घाण्याकडे फिरकेना.

पंधरा दिवसांत आजीचं तेल संपलं. एका संध्याकाळी अंधारात ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि तिचा पाय मोडला.

हे कानावर आलं तेव्हा खेमाजी जेवणावरून उठला. त्याने बैल जुंपला आणि आपली पोती एकामागून एक घाण्यात रिकामी केली. तेलाची जाड धार लागली. लाकडाची तहान आधीच भागली होती, दुसऱ्यांच्या तिळांनी. ती धार बघताना त्याला रडू आलं.

पहिली घागर घेऊन तो आजीकडे गेला. "आजी, तीळ चांगले होते. लाकूड तेल पीत होतं. मला माहीत होतं."

आजी खाटेवरून म्हणाली, "तुझी पोती शाबूत राहावीत म्हणून तू माझा दिवा विझवलास, लेकरा. तेल ठेव तिथे. पण माझा पाय कुठून आणशील?"

खेमाजीने घागर खाली ठेवली. त्या चौघांचं तेलही त्याने घरोघर पोचतं केलं. आजी होती तोवर रोज दिवेलागणीला तिचा दिवा त्यानेच लावला. ती पुन्हा चालली नाही.

गाव हळूहळू घाण्यावर परतलं. पण तीळ ठेवून निर्धास्त घरी मात्र कुणी गेलं नाही. तेल हातात पडेपर्यंत जो तो तिथेच उभा राहायचा, आणि खेमाजी मान खाली घालून बैल हाकायचा.

जो नवं काम सुरू करतो, त्या कामाचं पहिलं नुकसान त्यानेच सोसायचं असतं.