आजोबांचं सरण

डोंगरातल्या एका गारठलेल्या गावात हौसा नावाची मुलगी राहायची, आणि तिच्या घरात धूर राहायचा. धूरच जास्त राहायचा. आई पहाटेच कामाला जायची. मग हौसाने इवल्याइवल्या ओल्या काटक्या लोखंडी शेगडीत सारायच्या आणि फुंकून फुंकून डोळे लाल करायचे. तिचा तान्हा भाऊ भिवा खोकायचा. आताशा खोकताखोकता त्याचे ओठ जांभळे पडायचे.

आणि पडवीत काय होतं? ऐनाच्या झाडाचे ओंडके. गोल गरगरीत, खडखडीत वाळलेले, एकमेकांवर आपटले की टणकन वाजणारे. ते आजोबांनी स्वतःच्या सरणासाठी, म्हणजे मेल्यावर स्वतःला जाळायला, राखून ठेवले होते. आजोबांच्या गोवऱ्या कधीच मसणात गेल्या होत्या, लाकडं मात्र पडवीत होती. सरणाला हात लावला की घरातलं माणूस जातं, असं ते म्हणायचे, आणि गावातले बाकीचे म्हातारे माना डोलवायचे. तेवढं एक काम त्यांना छान यायचं.

एका सकाळी हौसा रानात काटक्या वेचत होती. धुकं चांदीसारखं, गवताच्या पात्यापात्यावर मोती. तिला त्या मोत्यांचा संताप आला, कारण मोती म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे धूर. तिने मोळी ऐनाच्या बुडख्यावर आपटली.

बुडख्यावरची वर्तुळं सोनेरी लखलखली आणि त्यातून एक इटुकली परी उठली. पंख मधाच्या रंगाचे, झगा निखाऱ्याचा, कपाळावर आठी.

"हे झाड माझं होतं. तुझ्या आजोबांनी तोडलं," ती म्हणाली. "माग, काय हवं ते."

हौसाने भिवाचा श्वास मागितला.

परीने नियम सांगितले. पडवीतला ओंडका हौसाच्या हातात फुलाएवढा हलका होईल, आणि धूर न करता जळेल. पण तो लपूनछपून न्यायचा नाही, आणि परवानगीही मागायची नाही. "सगळ्यांसमोर न्यायचा, आणि कशासाठी ते ऐकवायचं. आवाज पडला, की ओंडकाही पडला."

पडवीत म्हातारे चहा पीत बसले होते. हौसाने सरळ जाऊन सगळ्यांत मोठा ओंडका उचलला.

"अगं ए, सरण आहे ते माझं," आजोबा म्हणाले. "मला काय ओल्या काटक्यांवर जाळणार?"

एक म्हातारा म्हणाला, पोरीला वळण नाही. दुसरा म्हणाला, आईचेच लाड. कशासाठी ते हौसाच्या तोंडून निघेना, आणि ओंडका दगडासारखा जड झाला. बोटं सुटायला लागली. आत भिवा खोकला.

"तुम्ही मेल्यावर खोकणार नाही, आजोबा," ती मोठ्याने म्हणाली. "भिवा आत्ता खोकतोय."

कुणाची मान डोलली नाही. ओंडका पिसासारखा झाला.

शेगडीतल्या निखाऱ्यांवर तो सावकाश पेटला. केशरी ज्वाळा, लिंबू ज्वाळा, कडेला चिमुकली निळी किनार, आणि धूर नावाला नाही. जाड वाळलं लाकूड घाई करत नाही. दुपार झाली तरी ते धगधगतच होतं. भिवाचे ओठ कण्हेरीच्या फुलासारखे गुलाबी झाले. घरातलं कुणी गेलं नाही. उलट एक जण राहिला.

परी ज्वाळेच्या शेंड्यावर येऊन बसली, हसली. मग घरभर मधाचा उजेड पसरला, आणि त्या उजेडात ती विरून गेली.

आजोबा हात चोळत आत आले. चुकलं, असं काही म्हणाले नाहीत. हौसाने त्यांना शेकायला जागा दिली, कारण ती चांगली मुलगी होती. राग मात्र सोडला नाही, कारण ती शहाणीही होती.