किल्ली कुणाच्या हातात

हा प्रसंग गेल्या मार्गशीर्षातील दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या प्रसादानंतर, बोरजाईच्या मठाचे महंत शंभूगिरी यांच्या तोंडून ऐकलेला आहे. सांगताना ते गोठ्याच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. प्रसंग घडला तेव्हा ते महंत नव्हते. भवानगिरीबाबांचे शिष्य होते, आणि आपण उत्तम शिष्य आहोत याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"...पण बाबा, संन्याशानं पूर्वाश्रमीच्या माणसाला भेटायला जावं की जाऊ नये?"

बाबा तुळशीला पाणी घालत होते. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला नाही.

"कोणाला भेटायला?"

"अनुसयाअक्काला. माझी थोरली बहीण." शंभूगिरीने लगेच सावरून घेतले. "पूर्वाश्रमीची."

निरोप आदल्या संध्याकाळी आला होता. अक्का अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितले होते, आणि तसे का सांगितले हे घरच्यांनी तिला सांगितले नव्हते. ती शंभूची आठवण काढते आहे, एवढे बोलून भाच्याने फोन ठेवला होता.

आई गेली तेव्हा शंभू रांगत होता. अक्काने त्याला वाढवले, शाळेत घातले, पुढे शिकायला शहरात पाठवले. तो महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागला तेव्हा तिने वस्तीवर पेढे वाटले. त्याने ते सारे सोडून दीक्षा घेतली, तेव्हाही तिने पेढेच वाटले.

"शास्त्र काय म्हणतं?" बाबांनी विचारले.

"शास्त्र म्हणतं, जाऊ नये."

"मग मला कशाला विचारतोस?"

...

तुळशीच्या मुळाशी पाणी जिरले. बाबांनी तांब्या पालथा घातला.

"मला त्या बाजूला जायचं आहे," ते म्हणाले. "गाडी काढ."

शंभूगिरी चमकला. बाबा कधी गाडीत बसत नसत. पुण्याच्या एका भक्ताने परदेशी जाताना आपली पांढरी मोटार मठाला देऊन टाकली होती. बाबांनी तिला हळदकुंकू वाहिले, आणि दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे एस.टी.ने गावाला गेले. तेव्हापासून मोटार पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती.

तिची निगा शंभूगिरीकडे होती, आणि ती त्याने मन लावून ठेवली होती. अंगावर सुती आच्छादन, काचा लख्ख, दसऱ्याला झेंडूची माळ. रोज सकाळी काकड आरती झाली की तो गाडीत बसे, किल्ली फिरवी, इंजिनाची घरघर ऐकत एकदा गुरुमंत्र म्हणे आणि किल्ली परत फिरवून उतरे. गाडी जागती राहावी म्हणून हा नेम होता. त्यात खंड पडला नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो हे आवर्जून सांगत असे.

त्या सकाळी त्याने आच्छादन काढले, बाबांना पुढच्या आसनावर बसवले आणि किल्ली फिरवली.

टक्... टक्... टक्...

पुन्हा फिरवली. या वेळी तेवढेही नाही.

"तिचा आज उपास दिसतो," बाबा म्हणाले.

धक्का मारून गाडी सुरू करता आली असती. तसे मठातल्या एकाने सुचवलेही. पण मध्ये सारा माळ होता. तिथे बंद पडली तर पुन्हा ढकलणार कोण, असे शंभूगिरीने विचारले. मी आहे की, असे बाबा म्हणाले, आणि दरवाजा उघडून तुळशीकट्ट्यावर जाऊन बसले.

शंभूगिरीने फाट्यावरच्या इलाही मुजावरला फोन केला. इलाहीचे गाड्यांच्या वायरिंगचे दुकान होते आणि बाबांशी त्याची जुनी थट्टा होती. काय काय होते आहे ते ऐकून तो आपल्या टेम्पोत व्होल्ट मोजायचा मीटर आणि एक नवी बॅटरी टाकूनच आला.

"बाबा, गाडीनंपण संन्यास घेतला काय?"

"तुझ्या शेजारी जो उभा आहे ना, त्यानं दिला तिला," बाबा म्हणाले.

शंभूगिरीला ही थट्टा रुचली नाही. त्याने इलाहीच्या हातातून मीटर घेतला. हा त्याचा विषय होता.

बॉनेट उघडून त्याने बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या तारा लावल्या. काटा बारा व्होल्टच्या पुढे जाऊन स्थिर राहिला. बॅटरी उत्तम आहे, दोष दुसरीकडे असला पाहिजे, असे त्याने सांगितले. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचला होता. त्याने आधी वजाची तार सोडवली, मग अधिकची. गरम पाणी ओतून दोन्ही टोके घासून लखलखीत केली, आणि उलट क्रमाने तारा पुन्हा घट्ट आवळल्या. इलाहीने मान डोलावली. काम चोख झाले होते.

किल्ली फिरवली.

टक्...

"मीटर लावलेला असू द्या, महाराज," इलाही म्हणाला. "मी आत बसून किल्ली मारतो. तुम्ही काट्याकडं बघा."

इलाहीने किल्ली फिरवली, आणि शंभूगिरीच्या डोळ्यांदेखत काटा बारावरून घसरत आठाच्याही खाली गेला. किल्ली सोडताच तो हळूहळू वर चढला आणि पुन्हा बाराशी येऊन साळसूदपणे थांबला.

शंभूगिरीने मीटरच्या तारा काढल्या. मग त्याने स्वतःच निदान सांगितले. बॅटरी आतून संपली होती. कुणी काही मागत नव्हते तोवर ती भरलेली दिसत होती. भार पडला की कोसळत होती.

"आणि संपली कशानं?" बाबांनी कट्ट्यावरून विचारले.

ह्याचेही उत्तर त्याला ठाऊक होते, आणि ते देताना त्याचा आवाज जरा उतरला. इंजिन सुरू करताना बॅटरीतून एकदम बरेच काही ओढले जाते. ते भरून यायचे तर त्यानंतर गाडी चांगली लांबवर चालावी लागते. नुसती सुरू करून लगेच बंद केली, तर दर वेळी थोडे जातेच, परत काहीच येत नाही.

"म्हणजे रोजचा नेम..." इलाही बोलता बोलता थांबला आणि पाने-पक्कड आवरू लागला.

दोघांनी मिळून जुनी बॅटरी उचलून कट्ट्याशी ठेवली आणि नवी बसवली. पट्टी आवळली, तारा जोडल्या, टर्मिनलना व्हॅसलिन चोपडले. किल्ली फिरवताच इंजिन पहिल्या हाकेला उठले. शेडच्या पत्र्यावर बसलेली कबुतरे उडाली. इलाहीने दोन्ही हात जोडून वर पाहिले.

शंभूगिरी मात्र गंभीर होता. त्याला काहीतरी उमगले होते, आणि ते बोलून दाखवल्यावाचून त्याला राहवेना. तो बाबांच्या पुढ्यात येऊन बसला.

"बाबा, मला दृष्टांत मिळाला."

"बोल."

"मठात मी शांत असतो. काटा बाराच्या पुढे. काल अक्काचा निरोप आला, आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भार पडला आणि मी कोसळलो. ही बॅटरी म्हणजे मी. माझी साधना कच्ची आहे. मला आज्ञा द्या, मी चातुर्मासापर्यंत एकांतात बसतो. मन भरून घेतो. मग कुठंही जायला..."

बाबा हसले. आधी मिशीत, मग खांदे हलेपर्यंत हसले.

"बॅटरी तू?"

"हो, बाबा."

"रोज सकाळी किल्ली कुणाच्या हातात होती?"

...

इंजिन शेडमध्ये एका लयीत चालू होते.

"ही बॅटरी नुसती टेम्पोत टाकू नकोस, इलाही," बाबा म्हणाले. "आतलं तेजाब सांडेल. शंभू, एखादं फडकं आण."

फडके आणायला शंभूगिरी कोठीत गेला. कोनाड्यात एक चळत होती. धुतलेल्या, घड्या घातलेल्या फडक्यांची. जुन्या लुगड्यांची, काठ वेगवेगळे, विटलेले.

दर पौर्णिमेला अक्का एस.टी.ने यायची. फाट्यावर उतरून माळ तुडवत यायची. फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी तिच्या हातात असायची. आरतीच्या आधी त्याला वेळ नसे आणि आरतीनंतर तिची परतीची एस.टी. असे. तो फाटकापर्यंत येई, गाठोडे घेई, "नमो नारायण" म्हणे आणि वळे. तिच्या तोंडचे वाक्य पुरे व्हायच्या आत तो आत गेलेला असे. हाही नेमच होता. त्यातही खंड पडला नव्हता. गेल्या काही पौर्णिमा तीच आली नाही, तेव्हा पडला.

तो सगळी चळत घेऊन बाहेर आला आणि उभा राहिला.

"अक्काची?" बाबांनी विचारले.

त्याने होकाराची मान हलवली.

"आपल्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. ह्यांतल्या एकात तरी काही बांधून दिलंस?"

"बाबा, संन्याशाजवळ बांधून द्यायला काय असतं?"

"ते मी तुला विचारलं नाही."

...

बाबा उठले. त्यांनी कानावर खोवलेले झेंडूचे फूल काढले आणि वाकून जुन्या बॅटरीवर ठेवले.

"बाबा, ही भंगारात जायची," इलाही म्हणाला.

"जाऊ दे. पुष्कळ दिलं तिनं. आपण मोजलं नाही, एवढंच."

इलाहीने कान पकडले आणि बॅटरीला हात लावून तो छातीशी नेला. मग बाबांनी शंभूगिरीकडे पाहिले. त्याने गुडघे टेकले, आणि त्या काळ्या, क्षाराने पांढऱ्या झालेल्या पेटीवर डोके टेकवले. डोके वर आले तेव्हा कपाळाला राख लागावी तसा डाग होता. तो पुसायला त्याने फडक्यांच्या चळतीला हात लावला नाही. उपरण्याच्या टोकाने पुसला.

बॅटरी शेवटी इलाहीने टेम्पोतल्या रबरी चटईत गुंडाळून नेली. शंभूगिरी गाडी चालवायला बसला तेव्हा फडकी त्याच्या मांडीवर होती.

"चालव," बाबा म्हणाले. "आणि वाटेत कुठं बंद करू नकोस. नवी आहे, तिला भरू दे."

वाट लांबची होती. माळावर ज्वारी निसवून कणसांवर आली होती. शंभूगिरीने वाटभर आपल्या पहिल्या प्रश्नाचा विषय पुन्हा काढला नाही.

वस्तीवर पोचल्यावर गाडी अंगणात उभी राहिली. बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले. शंभूगिरी फडकी घेऊन आत गेला.

अक्का उशाला टेकून पडली होती. पूर्वीच्या अर्धीही राहिली नव्हती. त्याच्या हातातली चळत तिने पाहिली, एकेका काठावरून बोट फिरवले, आणि तिच्या चेहऱ्यावर असे हसू पसरले, की सून हातातली कपबशी तशीच धरून उभी राहिली.

"ही सगळी ठेवलीस?" अक्का म्हणाली. "मला वाटायचं, बाईमाणसाचं लुगडं, मठात कुठं ठेवणार, टाकून देत असशील. माझ्या लेकरानं धुऊन ठेवली गं."

त्याला सांगायचे होते, की फडकी धुणे हा मठाचा शिरस्ता आहे, त्यात त्याचे काही नाही. पण ती इतकी आनंदली होती, की ते शब्द त्याच्या तोंडातच विरले. बांधून द्यायला त्याने काहीच आणले नव्हते, तरी तिच्या मांडीवर ती फडकी भरलेलीच होती.

त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले. तब्येत विचारली. औषध कोणते चालू आहे ते विचारले. आणि मग, विचारायचे संपल्यावर, इतक्या वर्षांच्या सवयीने हात जोडले, "नमो नारायण" म्हणाला, आणि उठायला त्याचा गुडघा वर आला. अक्का काहीतरी सांगू लागली होती.

इलाही मठात आल्यापासून इथवरचा भाग इलाही मुजावर आणि अक्काची सून रंजना यांच्याकडून, त्या त्या वेळी जो तिथे होता त्याच्याकडून, ताडून पाहता आला. त्या दिवशी शंभूगिरी दिवेलागणीपर्यंत अक्कापाशी बसले होते, तिचे एकही वाक्य त्यांनी मध्ये तोडले नाही, आणि पुढे ती होती तोवर दर पौर्णिमेला ती मोटार अंगणात येत राहिली, हेही रंजनाताईंनी सांगितले. ते सांगताना त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सांगणे जुळले नाही ते एकाच गोष्टीत. रंजनाताई म्हणतात, चहा द्यायला त्या ओट्यावर गेल्या तेव्हा बाबांना गाढ झोप लागली होती आणि ते एक अक्षरही बोलले नाहीत. शंभूगिरी मात्र सांगतात, की त्यांचा गुडघा वर आला त्याच क्षणी ओट्यावरून बाबांचा आवाज आला. गाडी तर केव्हाची बंद होऊन अंगणात उभी होती. तरी बाबा म्हणाले,

"बस, शंभू. आत्ता कुठं सुरू झाली आहे... इतक्यात बंद करू नकोस."