सुताराची पहिली बैठक

एका राज्यात बसायच्या वस्तूंना स्वभाव होता. हसू नका, सांगतो ते नीट ऐका. रायाजी सुताराची तिवई म्हातारी माणसं आली की उंटासारखी गुडघे टेकी. त्याच्या पाटावर बसून कोणी खोटं बोललं, तर पाट खालून चिमटा काढी. पाहावं तर देवळातलं कोरीवकाम, वापरावं तर घरचं सामान. लोक विचारत, "रायाजी, हे बघायचं की यावर बसायचं?" तो म्हणे, "आधी बसा तर खरं."

तिथल्या सुतारांचा एक रिवाज होता. आसन कुणाचंही असो, त्यावर पहिल्यांदा करणाऱ्याने बसायचं. टेकल्यासारखं नव्हे, सगळा भार टाकून. लाकडाला माणसाचा भार कळला की मगच ते आसन होई. तोवर ते रानातलं झाडच, आणि रानातल्या झाडाचा भरवसा काय?

राजा मेघसेनाने नवं सिंहासन सांगितलं. हा राजा लहानपणी रायाजीच्या भुशात खेळून मोठा झालेला. रायाजीने यक्षवनातला साग आणला आणि हात टेकायच्या जागी दोन झोपलेले सिंह कोरले. भर दरबारात तो रिवाजाप्रमाणे बसायला गेला, तोच प्रधान भद्रगुप्त म्हणाला, "राजाच्या आसनाला सुताराचं अंग लागणार नाही. मागे हो." रायाजी मुकाट मागे झाला. घाबरला, दुसरं काय!

राजा बसला, आणि त्याच्या पायांची बोटं लाकडाची झाली.

दुपारपर्यंत घोटे गेले. राजाला उठता येईना. प्रधान म्हणाला, "करवत आणा. पाय जातील, राजा वाचेल." राणी इरावती आडवी आली. "करवत आधी माझ्यावर चालवा." चूक रायाजीची होती आणि पाय दुसऱ्याचे जात होते.

इतक्यात खिडकीतून सुतारपक्षी आला, सिंहासनावर तीनदा चोच मारून म्हणाला, "सुतारा, लाकूड बिथरलंय. रडणाऱ्याला हसवील असं एक आसन कर. भांडणाऱ्यांना एकत्र बसवील असं दुसरं कर. तेवढ्याने ते थबकेल. उतरेल ते तिसऱ्याने. परवा सूर्य मावळला की ते काळजापर्यंत पोचेल."

"तिसरं कोणतं?"

"दोन झाली की विचार."

दुसऱ्या दिवशी रायाजीने खुर्ची आणली. तिला गुदगुल्या होत. रडून रडून थकलेली राणी तिच्यावर बसली मात्र, खुर्ची अंग चोरून खिदळू लागली. राणीला हसू आवरेना, आणि हसल्याची लाजही वाटली. लाकूड गुडघ्यापाशी थबकलं, पण प्रहरभरच.

तिसऱ्या दिवशी त्याने बाक आणला. त्याला पाय एकच, तोही मधोमध. प्रधान बसला आणि आपटला. राणी बसली आणि घसरली. शेवटी दोघं दोन टोकांना एकदम बसली, तेव्हा बाक स्थिर झाला. आता एक उठलं तर दुसरं पडणार. मग प्रधान म्हणाला, "राणीसाहेब, मला त्यांना वाचवायचंच होतं." राणी म्हणाली, "ठाऊक आहे. भीती मलाही वाटते." प्रधानाने करवत खाली ठेवली. लाकूड कमरेपाशी थबकलं, आणि पुन्हा चढू लागलं.

"तिसरं कोणतं?" रायाजीने पक्ष्याला विचारलं.

"ते झालेलं आहे," पक्षी म्हणाला. "तुझं बसायचं राहिलंय."

"तिथे महाराज बसलेत."

"मग त्यांच्या मांडीवर बस. लाकडाने तुला ओळखलं नाही, तर तूही लाकूड होशील."

सूर्य महालाच्या भिंतीला टेकला होता. राजाचं पोट गेलं होतं, बरगड्या चालल्या होत्या. तो कसाबसा म्हणाला, "काका, या."

रायाजीने पागोटं उतरवलं. "माफी असावी, महाराज." आणि तो राजाच्या मांडीवर अगदी कडेला, अंग आखडून टेकला. लाकूड वर चढलं. रायाजीची स्वतःची बोटंही गार पडून कडक झाली. अरे, राजाच्या मांडीवर भार टाकायचा कसा? पण मागे सरून एकदा चूक झालीच होती. त्याने डोळे मिटले, पाय सैल सोडले, पाठ राजाच्या छातीला टेकवली आणि घरच्या ओट्यावर बसावं तसा सगळा भार टाकून बसला.

सिंहासन करकरलं. उजव्या सिंहाने जांभई दिली, डाव्याने आळस दिला. रायाजीच्या पाठीला काहीतरी ऊन ऊन लागलं, आणि त्यात धडधड होती. म्हातारा ढसाढसा रडू लागला, पण उठेना.

"काका," राजा हळूच म्हणाला, "आता उठा. मांडीला मुंग्या आल्या."

तेव्हापासून त्या राज्यात नवा राजा सिंहासनावर बसण्याआधी सुतार बसतो. राजा उभा राहून वाट पाहतो, प्रधान सुताराचं पागोटं धरतो. त्यांची बैठक जशी पक्की झाली, तशी तुमची-आमची होवो.