मरिगोच्या नावाचे गहू

"पण झालंय कसं?" अर्गिरोने पुन्हा विचारलं.

समोर बसलेल्या म्हाताऱ्या फेव्रोनियांनी वाटीतला चमचाभर गहू तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला.

"देव मरिगोला क्षमा करो," त्या म्हणाल्या.

"ते झालंच हो. पण गहू कसे झालेत?"

फेव्रोनियांनी आणखी एक चमचा घेतला.

"देव मरिगोला क्षमा करो."

...

हे सगळं ग्रीस देशातल्या एका लहानशा बेटावर चाललंय, तेव्हा चार शब्द आधीच सांगून टाकतो. नाहीतर मध्येच अडाल आणि मला अडवाल.

फेव्रोनिया म्हणजे तिथल्या टेकडीवरच्या मठातल्या सगळ्यात वयस्क संन्यासिनी. अशा बाईला तिकडे गेरोंतिसा म्हणतात. म्हणजे म्हातारी आई, पण मान देऊन. मठाचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं, आणि खालच्या गावाच्या निम्म्या भानगडीही.

मरिगो म्हणजे अर्गिरोची आई. ती वारून चाळीस दिवस होत आले होते. आपल्याकडे तेरावं असतं, तसं त्यांच्याकडे चाळिसावं. त्यासाठी गहू उकडतात, कोरडे करतात, त्यात बदाम, मनुका, डाळिंबाचे दाणे आणि दालचिनी घालतात, वरून पिठीसाखरेचा जाड थर देतात. याला कोलिवा म्हणायचं. चर्चमध्ये प्रार्थना झाली की तो मूठमूठ सगळ्यांना वाटायचा.

आणि ज्याने दाणा तोंडात टाकला त्याने गेलेल्याचं नाव घेऊन एवढंच म्हणायचं, की देव त्याला क्षमा करो. शेंबडं पोरसुद्धा म्हणतं. गहू गोड झालेत की अगोड, हे कोणी बोलत नाही. आपल्याकडे तरी श्राद्धाच्या पानावर बसून 'आमटी फक्कड झालीय हो' असं कोण म्हणतो?

अर्गिरोला हे माहीत नव्हतं असं नाही. ती याच गावात लहानाची मोठी झाली होती. पण तिला आज एक वाक्य हवं होतं, आणि ते घेतल्याशिवाय ती उठणार नव्हती.

"गेरोंतिसा, माझं अथेन्समध्ये हॉटेल आहे. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ऐकलंय."

"महिना महिना आधी टेबल सांगून ठेवावं लागतं. वर्तमानपत्रात फोटो येतात. परदेशातून लोक येतात."

"दमत असशील."

अर्गिरोने ओठ आवळले. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. तिच्या हाताखालचे आचारी तिची चाहूल लागली की बोलायचे थांबत. पण इथे मठाच्या स्वयंपाकघरात म्हातारीपुढे काय चालणार.

वाटीतले गहू तिने चवीपुरते वेगळे आणले होते. आता शेजारच्या मोठ्या डब्याचं झाकण तिने उघडून दाखवलं. आत परातभर गहू होते. वर साखर इतकी सारखी पसरलेली, की कुठे बोट टेकलेलं दिसेना. कडेने सोललेल्या बदामांची वेल काढलेली. मधोमध साखरेच्या चंदेरी मण्यांनी आईचं नाव लिहिलेलं.

"सुबक आहे," फेव्रोनिया म्हणाल्या.

"सुबक आहे ते मलाही दिसतंय."

"मग?"

"मग चवीचं बोला ना."

...

"मी लोकांना काय खायला घालते, माहितीये?" अर्गिरो म्हणाली. "आईचंच. तिचे काबुली चणे. शनिवारी संध्याकाळी चणे, कांदा, तेल मडक्यात घालायची आणि मडकं बेकरीच्या भट्टीत ठेवून यायची. रात्रभर ते मंद आंचेवर. रविवारी चर्चमधून येताना आम्ही ते उचलून आणायचो. तिचं लिंबू-अंड्याचं सार. तिच्या द्राक्षाच्या पानातल्या भाताच्या गुंडाळ्या, करंगळीएवढ्या. सगळं तसंच करते मी. दाण्याचा फरक नाही."

"तिने शिकवलं?"

अर्गिरो हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

"शिकवलं म्हणे. दारात उभी राहून बघून शिकले मी. आत यायची सोय नव्हती."

"का?"

"तुम्हाला ठाऊक असेल की. गावाला ठाऊक आहे."

"मी मठात असते."

अर्गिरोने एक श्वास घेतला. हे ती आजवर कोणाला सांगत बसली नव्हती.

"लहान होते मी. ईस्टर तोंडावर आला होता. आमच्या अंगणात शेजारपाजारच्या बायका पानं वळत बसल्या होत्या. मीही त्यांच्यात बसून एक वळलं. चांगलं वळलं होतं, गेरोंतिसा. अजून दिसतं मला ते. आईने ते उचललं, सगळ्यांसमोर उलगडलं, आतला भात परातीत टाकला आणि म्हणाली, तुझ्या हाताला चव नाही. जा, भांडी घास."

फेव्रोनियांनी चमचा वाटीत ठेवला.

"बायका हसल्या. मी उठून भांडी घासायला बसले. घर सोडलं तोवर भांडीच घासली मी त्या घरात."

फेव्रोनियांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"उद्या त्याच बायका येणार आहेत," अर्गिरो म्हणाली. "ज्या उरल्यात त्या. त्यांच्यासमोर तुम्ही एकदा म्हणा, अर्गिरोच्या हाताला चव आहे. तुमचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नाही. मला दुसरं काही नको."

फेव्रोनियांनी वाटीत चमचा घातला, खाल्लं.

"देव मरिगोला..."

"गेरोंतिसा."

अर्गिरोचा आवाज चढला होता. तिचा तिलाच तो ऐकू आला, तशी ती खाली बघायला लागली.

...

"तू खाल्लंस?" फेव्रोनियांनी विचारलं.

"काय?"

"हे."

"नाही."

"करताना चाखलं असशील."

"नाही चाखलं."

"एवढी मोठी स्वयंपाकीण आणि..."

"चाखलं की म्हणावं लागतं."

"मग म्हणायचं."

"मी नाही म्हणणार." अर्गिरो शांतपणे म्हणाली. पुष्कळ दिवस घोकून ठेवल्यासारखं ते वाटलं. "देवाला तिला क्षमा करायची असेल तर त्याने करावी. तो मोकळा आहे. मी त्याला कशाला सांगू?"

"बरं."

"बरं काय? तुम्हाला पुढचं ठाऊक नाही. एकदा ती अथेन्सला आली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी. तपासणी आटोपली, तशी मी तिला हॉटेलात नेलं, मधल्या टेबलावर बसवलं. म्हटलं, आता बघू. तीच पानं वळून तिच्यापुढे ठेवली, आत भाताबरोबर खिमा, वर लिंबू-अंड्याचा रस्सा. तिने काय करावं? पिशवीतून घरचा पाव काढला, चार ऑलिव्ह काढले, आणि ते खात बसली. माझ्या ताटाला हात लावला नाही. वेटर बघत होते. आचारी आतून डोकावत होते. माझ्याच हॉटेलात माझी लाज काढली तिने."

"वार कुठला होता?"

"वार?"

"हो."

"काय की... डॉक्टर बुधवारी भेटायचा. बुधवार असेल."

फेव्रोनियांनी वाटीच्या कडेचे दाणे चमच्याने गोळा केले.

तिकडची जुनी माणसं बुधवार आणि शुक्रवार उपास धरतात. मांस नाही, अंडं नाही. मरिगोने तर जन्मात बुधवार मोडला नव्हता, तापाने फणफणलेली असतानासुद्धा. लेकीला हे पाळण्यापासून माहीत होतं. पण मोठ्या हॉटेलात बुधवारही मंगळवारासारखाच उजाडतो, आणि माणूस विसरतं.

अर्गिरोचा चेहरा उतरला. बराच वेळ ती डब्याच्या झाकणाची कड नखाने खरवडत राहिली.

"सांगता आलं असतं तिला," ती शेवटी म्हणाली. "आज उपास आहे गं, एवढं बोलायला काही जीभ झिजत नव्हती."

"सांगता आलं असतं."

"मग का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस, का खात नाहीस म्हणून?"

"मी कशाला विचारू?"

फेव्रोनियांना हसू आलं असावं. पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"एक सांगू? तुम्हा दोघींमध्ये मरिगो कोण आणि अर्गिरो कोण, ते मला कधीकधी कळत नाही," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी वाटी अर्गिरोकडे सरकवली. चमचा वाटीतच होता.

...

खा म्हटलं की खाईल, अशी अर्गिरो नव्हती. पण रडू यायला लागलं, आणि ते म्हातारीला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तिने हाताला काहीतरी काम दिलं. चमचा भरला आणि तोंडात घातला.

"देव मरिगोला क्षमा करो."

कोण बोललं हे कळायला तिलाच वेळ लागला. गहू तोंडात पडला आणि शब्द बाहेर आले. बोबडं बोलायची तेव्हापासूनची सवय ती, हॉटेल काढून थोडीच जाते.

मग तिला चव कळली.

ती चावायची थांबली. पुन्हा चावलं. फेव्रोनियांकडे बघितलं.

"आंबलेत," ती म्हणाली.

"गेरोंतिसा, गहू आंबलेत," ती पुन्हा म्हणाली.

तिने डबा ओढला. कडेचा एक बदाम बाजूला केला, खालून चिमूटभर काढलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं. तेही तसंच.

उकडलेला गहू रात्रभर कापडावर पसरून ठेवायचा असतो. अगदी कोरडा झाला पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात तो टिकत नाही. अर्गिरोला बोट गाठायची होती. तिने ओलसर गहू डब्यात भरला, आणि तासन्‌तास बसून त्यावर वेल काढली. पुढे वाऱ्याने बोट बंदरातच अडकली, आणि डबा दिवसभर झाकलेला राहिला. एक दाणा तोंडात टाकला असता तरी तिला कळलं असतं.

"तुम्ही वाटी निम्मी केलीत," ती म्हणाली.

"हो."

"आणि बोलला नाहीत."

"मी मरिगोसाठी खात होते. तुझ्यासाठी खात असते तर सांगितलं असतं."

अर्गिरो भिंतीला टेकली. उद्या हे वाटलं असतं. त्या बायकांनी ओंजळ पुढे केली असती, दाणे तोंडात टाकले असते, एकमेकींकडे बघितलं असतं. एकीनेही चकार शब्द काढला नसता. नुसतं एकमेकींकडे बघितलं असतं. आणि आईचं बोलणं गावात कायमचं खरं झालं असतं.

तिला फार लाज वाटली. आणि लाज ओसरली तशी आईची आठवण आली. आईने हा डबा नुसता उघडून हुंगला असता आणि सांगितलं असतं. चारचौघांत सांगितलं असतं, टाकून सांगितलं असतं, पण सांगितलं असतं. आई गेली हे तिला तेव्हा कळलं. मग ती रडली, आणि यावेळी लपवलं नाही.

फेव्रोनियांनी तिला रडू दिलं. त्या उठल्या, फडताळातून गव्हाची पिशवी काढली, गहू निवडून पातेल्यात ओतला, पाणी घातलं, चूल पेटवली.

"संध्याकाळपर्यंत उकडेल," त्या म्हणाल्या. "रात्रभर चादरीवर पसरू. सकाळी साखर घालू."

"मी करते."

"दोघी करू. बदाम आहेत. डाळिंब मात्र नाही."

"चालेल."

"चालेलच."

"आणि हे?" अर्गिरोने डब्याकडे बघितलं.

"कोंबड्यांना घाल. त्या कोणाला नावं ठेवत नाहीत."

अर्गिरो डबा उचलायला वाकली.

"आधी तिचं नाव काढून घे," फेव्रोनिया म्हणाल्या.

...

अर्गिरो डबा मांडीवर घेऊन दारात बसली. साखरेतून एकेक चंदेरी मणी नखाने उचलून ती बशीत ठेवायला लागली. मणी घट्ट बसले होते. घाई केली की फुटत होते, म्हणून घाई करता येत नव्हती.

आत पाण्याला आधण आलं.

निम्मं नाव निघालं होतं तेव्हा ती मान वर न करता म्हणाली,

"गेरोंतिसा, मी मघाशी ते म्हटलं ना... मनापासून नव्हतं ते. तोंडातून निघून गेलं."

फेव्रोनिया गहू ढवळत होत्या. त्यांनी आंच थोडी कमी केली.

"अंगणात मरिगो तरी कुठे मनापासून म्हणाली होती," त्या म्हणाल्या.