आंबलेला मध

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते मोजू नका, तुमची बोटं संपतील आणि माझे आकडे.

एका डोंगरावर मध काढणारी माणसं राहत. त्यांची एक रीत होती. पोळ्याची मधाची बाजू तेवढी कापायची, पिल्लांची बाजू माश्यांना ठेवायची. राजाचा व्यापारी दर वर्षी यायचा, घडाभर मधाला टोपलीभर मीठ द्यायचा. थोडं मीठ खायचं, उरलेलं देऊन नाचणी घ्यायची, की वर्ष निघालं.

एकदा व्यापाऱ्याला अक्कल सुचली. तुम्हालाही अशी सुचते अधूनमधून, खोटं बोलू नका!

"यंदापासून घड्याला अर्धी टोपली," तो म्हणाला.

"शेठ, तेवढ्यात पोरंबाळं कशी जगवायची?" म्हातारी बुधी म्हणाली. सगळ्यांच्या वतीनं तीच बोलायची.

"मग दुप्पट घडे भरा की! डोंगर तर तुमचाच आहे."

पोटापुढं रीत मोडली. माणसांनी अख्खी पोळी कापली, पिल्लांसकट पिळली. घडे दुप्पट झाले. व्यापारी मिशीत हसला.

राजानं मध चाखला आणि एरंडेल प्याल्यासारखं तोंड केलं. पिल्लांच्या रसानं मध आंबला होता.

"गोड मध मिळेपर्यंत दरबारात पाय ठेवू नकोस!"

पुढच्या हंगामात व्यापारी धापा टाकत डोंगर चढला. कड्यावर एकही पोळं नव्हतं. एक चुकार माशी तेवढी भेटली.

"बाकीच्या कुठं गेल्या गं?"

"पिल्लंच पिळलीस, आता पोळं कोण बांधणार? तुझा मामा?" माशी म्हणाली आणि त्याच्या नाकाला डसली.

सुजलं नाक घेऊन तो बुधीच्या दारात बसला. "म्हातारे, काहीतरी कर. माझा धंदा बुडाला."

"पुन्हा रीत पाळू. पण पोळी बसेपर्यंत आमची चूल पेटली पाहिजे. घड्याला पुरी टोपली दे, अन् हंगामाआधी दे. मग कुणाचा कोयता पिल्लांवर पडायचा नाही."

व्यापारी कण्हला, कुंथला, पण मीठ देऊन गेला. दोन वर्षं मिठाच्या टोपल्या घेऊन चढला आणि रिकाम्या हातानं उतरला. वाटेवरची वानरंसुद्धा हसली. तिसऱ्या वर्षी कडा गुणगुणू लागला. घडे थोडेच भरले, पण राजानं बोटं चाटली आणि दरबाराचं दार उघडलं. डोंगरावरच्या पोरांची पोटं मात्र पहिल्या टोपलीपासूनच भरलेली होती.

तात्पर्य: राबणाऱ्याला पोटापुरता भाव द्यावा, तेव्हाच घेणाऱ्याला गोड मिळतं.